खुलासा: वर्गाची सरासरी म्हणजे शिक्षकाचे गुण नव्हेत
अमेरिकेतल्या ‘स्टुडंट लर्निंग ऑब्जेक्टिव्ह’ या शिक्षकांच्या मूल्यमापनाच्या पद्धतीत वर्गाची सरासरी घसरली की शिक्षक नापास, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. डेन्व्हरच्या शाळांनी १९९९ साली प्रयोगादाखल सुरू केलेल्या या पद्धतीत मोजतात ती मुलांची प्रगती. आधी पूर्वचाचणी, मग शिक्षकाने ठरवलेल्या उद्दिष्टाला मुख्याध्यापकांची मंजुरी. अनेक ठिकाणी पूर्ण गुणांपर्यंत उरलेलं अंतर निम्मं करायचं असतं: अपूर्णांकांच्या पूर्वचाचणीत १०० पैकी ४० मिळवणाऱ्याचं लक्ष्य ७०, तर ८० वाल्याचं ९०. त्यामुळे शेवटच्या चाचणीत पहिल्याने ७२ मिळवले तर उद्दिष्ट साधलं, दुसऱ्याने ८५ मिळवूनही नाही.

खरा धोका वेगळाच आहे. पूर्वचाचणी अवघड काढली की प्रगती आपोआप फुगते. म्हणून दोन्ही चाचण्यांची काठिण्यपातळी सारखी हवी, आणि प्रश्नपत्रिका एकट्या शिक्षकावर सोडू नये.