बंड्याचा स्टॅच्यू

लोकांना वाटतं शिकारी कुत्रा म्हणजे धावणारा, पकडणारा, गुरगुरणारा. आमचा बंड्या पडला जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, म्हणजे याचं मुख्य काम काय, तर पक्ष्याचा वास आला की थांबायचं! पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक वाऱ्याकडे, लहानपणी आपण स्टॅच्यू खेळायचो ना अगदी तस्सं. हे उपजतच येतं हो त्यांना, शिकवावं लागतं ते पुढचं, की पक्षी उडाला, बंदूक वाजली तरी हलायचं नाही. इथेच आमचं घोडं पेंड खातं.

सरावाला लागतात कबुतरं. इकडे अमेरिकेत, साउथ डकोटा राज्यात लोक त्यासाठी होमिंग कबुतरं पाळतात, शेतात स्प्रिंगच्या पेटीत ठेवायची, कुत्रा पॉइंटवर आला, म्हणजे तसा स्टॅच्यू झाला, की रिमोट दाबून उडवायची, ती आपली आपण घरी जातात. साताऱ्याहून आलेली आई रोज त्यांना दाणे टाकून पुण्य कमावते आणि मी त्यातलीच काही पिशवीत भरून निघालो की अशी बघते जणू मी देव्हाऱ्यातले देव विकायला चाललोय. बंड्याच्या मागे पळून, त्याच्या लांब दोरीत स्वतःच अडकून, दमून आम्ही घरी पोचतो तोवर कबुतरं खुराड्यावर हजर, आणि आईने मोजूनही घेतलेली.

खरी परीक्षा ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी, फेझंटचा सीझन उघडतो तेव्हा. हा पक्षी मूळचा आशियातला, 1943 पासून इथला राज्यपक्षी आणि महाबेरकी. कुत्रा समोर थांबला की उडायचं सोडून गवतातून चालत सटकतो, म्हणजे बंड्या इमानदारीत रिकाम्या गवताकडे टक लावून उभा आणि मी केशरी जाकीट घालून त्याच गवताला लाथा मारतोय. वर नियम असा की फक्त नर मारायचा, माणशी दिवसाला 3, मादीला हात लावायचा नाही. हे बंड्याला कोण सांगणार, तो दोघांसाठी तितकाच ताठ उभा राहतो.

यंदा एकदाची फडफड झाली, निघाली मादी. "हेन! हेन!" असा ओरडा झाला, मी बंदूक खाली घेतली आणि बरोब्बर तेव्हाच माझ्या पाठीमागून नर ओरडत उडाला. बंड्याचा सगळा सराव तिथेच खलास, तो त्याच्यामागे मक्यातून पार पसार. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली तर कुणाचा तरी भलताच लॅब्रॅडॉर धावत आला आणि माझ्यासमोर शहाण्यासारखा बसला.