कांद्याच्या रसानं मोतीबिंदू विरघळत नाही, आणि आजोबांना चष्म्याशिवाय पेपर दिसला ते बरं लक्षण नव्हे

'विना ऑपरेशन मोतीबिंदू गायब' असा लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याही ग्रुपवर आला असेल. डोळा म्हणे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा, बेंबीत तेल घातलं की ते ७२,००० नाड्यांतनं डोळ्यांपर्यंत जातं, उगवत्या सूर्याकडं रोज एकटक बघितलं की चष्मा सुटतो, आणि पांढरा कांदा, आलं, लिंबू यांचा रस मधात मिसळून डोळ्यात घातला की मोतीबिंदू विरघळून बाहेर पडतो. खाली पुरावा म्हणून एक आजोबा, ज्यांना आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. हे सगळं आमच्या शुक्रवार पेठेतल्या आत्तीपर्यंत पोचलं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. फ्रिजच्या दारात जुन्या ड्रॉपच्या बाटलीत तो रस भरून ठेवलेला, वर पिवळट पाणी नि तळाला आल्याचा साका. डोळ्यात घातला नव्हता अजून, एवढंच नशीब.

मेगापिक्सेलवर वेळ घालवत नाही. डोळ्याच्या आत मागं जो पडदा (रेटिना) असतो त्याच्या मधोमध जेमतेम दीड मिलिमीटरचा खळगा आहे, बारीक दिसतं ते तिथंच. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, एका वेळी साधारण तेवढंच नीट स्पष्ट दिसतं, बाकीचं डोळा सारखा फिरवून मेंदू जुळवत असतो.

बेंबीचं पण तसंच. डोळ्याला रक्त येतं ते मानेतनं वर जाणाऱ्या धमनीच्या फांदीतनं. बेंबीपासनं डोळ्यापर्यंत तेल नेणारी नळी शरीरात नाही. विषय संपला.

आता तो रस. मोतीबिंदू असतो कुठं ते आधी बघा. सगळ्यात पुढं कॉर्निया, हा पारदर्शक थर मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्यामागं पाणी, मग बुबुळ, बुबुळातलं भोक म्हणजे बाहुली, आणि त्याच्याही मागं स्वतःच्या पिशवीत बंद असलेलं भिंग. मोतीबिंदू म्हणजे वर आलेला पापुद्रा नव्हे, ते भिंगच गढूळ होतं. भिंगात रक्तवाहिन्या नसतात, त्याच्या गाभ्यातली प्रथिनं आपण जन्मायच्या आधी तयार झालेली असतात आणि ती कधीच बदलली जात नाहीत. वयानं त्यांच्या गुठळ्या होतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग परत पातळ होत नाही, तसंच हे. डोळ्यात घातलेला थेंब तर बराचसा कोपऱ्यातल्या बारीक भोकातनं नाकात उतरतो, म्हणूनच ड्रॉप घातल्यावर घशाला कडू लागतं. आणि मेसेजमध्ये 'घाण बाहेर येते' म्हटलंय ती घाण म्हणजे जळजळीनं आलेलं पाणी आणि चिकट स्राव, मोतीबिंदू नव्हे.

मग आजोबांना पेपर कसा दिसला? मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. मोतीबिंदू गाभ्यात वाढायला लागला की भिंग घट्ट होतं, प्रकाश जास्त वाकवतं, डोळ्याला मायनस नंबर येतो आणि काही काळ जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणजे मेसेज ज्याला गुण आला म्हणतोय ते मोतीबिंदू वाढत असल्याचं लक्षण असू शकतं, आणि माणूस त्या आनंदात तपासणी पुढं ढकलत बसतो.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सनं २०१५ ते २०१९ मध्ये अंधत्वाचा देशभर सर्व्हे केला. पन्नाशीपुढच्या अंधत्वात ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू, म्हणजे ऑपरेशननं दिसू शकलं असतं अशी माणसं. पन्नाशीच्या आत मात्र पहिलं कारण कॉर्नियावरचा डाग, आपण 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतो ते. कांदा-लिंबाचा आंबट रस आणि निर्जंतुक न केलेला मध डोळ्यात घालून आपण कॉर्नियालाच जखम करणार, त्यात जंतू सोडणार. एका आजारावर उपाय म्हणून दुसरा ओढवून घ्यायचा.

सूर्याचं अर्धं खरं आहे, हे मान्य करावं लागतंय. जी पोरं रोज बाहेर उजेडात खेळतात त्यांना मायनस नंबर लागायचं प्रमाण कमी असतं, त्यावर चांगला अभ्यास झालाय. पण त्यासाठी रंकाळ्यावर नुसतं हुंदडलं तरी पुरतं, सूर्याकडं बघायचं नाही. एकटक बघितलं तर पडद्याचा तोच मधला खळगा भाजतो, आणि पडद्याला वेदना कळत नाही म्हणून भाजताना समजतही नाही.

'मोतीबिंदू पिकू दे, मग बघू' म्हणूनही थांबू नका. फार पिकलेलं भिंग फुगतं आणि डोळ्यातलं प्रेशर वाढवतं. सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं.

कुणी हा रस आधीच घातला असेल तर स्वच्छ पाण्यानं डोळा भरपूर धुवा, चोळू नका, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाताना बाटली बरोबर न्या. उसाची पात डोळ्याला लागली असेल तर जास्तच घाई करा, त्या जखमेत बुरशी धरते. तिच्यावर मध नको, आणि मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं घेतलेला स्टेरॉइडचा ड्रॉप तर अजिबात नको.