'पोर्तुगीजांचे उरलेले शेपूट' हे पटले नाही

श्रीलंकेतले ख्रिस्ती म्हणजे 'पोर्तुगीजांचे उरलेले शेपूट' हे श्रीलंकेवरच्या तुमच्या लेखातले वाक्य खटकले; जणू हा समाज पोर्तुगीज सत्तेचा नुसता अवशेष आहे. पोर्तुगीज गेल्यावर डचांनी किनाऱ्यावर कॅथलिकांवर बंदी घातली, पाद्री हाकलले. तेव्हा 1687 मध्ये वेष पालटून तिथे पोहोचला तो आपल्या शेजारचा, गोव्यातल्या बाणावलीचा कॅथलिक पाद्री जोसेफ वाझ. तमिळ आणि सिंहली दोन्ही शिकला. आणि गंमत बघा, त्याला पुढे आसरा दिला तो डचांच्या ताब्याबाहेर असलेल्या, बेटाच्या आतल्या डोंगराळ कँडी राज्याच्या बौद्ध राजाने! 2015 मध्ये पोपनी कोलंबोत त्याला संतपद दिले. लेखात त्याचे नावही नाही.

दुसरे म्हणजे, लेखातल्या 'सिंहली विरुद्ध तमिळ' या चौकटीत हा ख्रिस्ती समाज बसतच नाही. दोन्हीकडे ख्रिस्ती आहेत. एका मंगळवारी मी कोलंबोत कोच्चिकडेच्या सेंट अँथनी चर्चमध्ये गेलो होतो. शेजारी कपाळाला विभूती लावलेल्या एक तमिळ आजी मेणबत्ती लावत होत्या, काडी विझली तर मागच्या सिंहली बाईंनी आपली पेटती मेणबत्ती पुढे केली. 2019 च्या ईस्टरला ज्या चर्चमध्ये बॉम्ब फुटले त्यातले हे एक. त्याच सकाळी कोलंबोजवळच्या नेगोंबोत सिंहली कॅथलिक मेले आणि पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआत तमिळ प्रोटेस्टंट.