‘चाचणी केलेली नाही’ या शब्दांची ढाल

गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या ऑनलाइन लिलावात ‘चाचणी केलेली नाही, आहे त्या स्थितीत’ हे वाक्य दिसले की आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ज्या माणसाने गाडीतून ऑल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र) काढला, त्याच्यापुढे ती गाडी उभी होती. इंजिन चालू करून बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला असता, तर आकडा 13.5 ते 14.5 व्होल्टच्या आसपास जातो की नाही, हे बहुतेक गाड्यांत दोन मिनिटांत कळते. गाडी अपघातात चिरडलेली असेल आणि इंजिन चालू होणे शक्यच नसेल तर गोष्ट वेगळी. पण मग तसे स्पष्ट लिहायला काय हरकत आहे? निदान पुली हाताने फिरवून बेअरिंग खरखरते का, एवढे तरी कोणालाही पाहता येते. या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी तपासले आहे, पण काय निघाले ते तुम्हाला सांगणार नाही’ असाच असतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

हे मत मी पैसे मोजून बनवले आहे. मी बोली लावलेला ऑल्टरनेटर फोटोत लखलखीत दिसत होता आणि वर्णनात माझ्या गाडीचे मॉडेल व वर्ष अगदी बरोबर दिलेले होते. खोके उघडल्यावर पहिल्यांदा रंगाचा वास आला. चंदेरी स्प्रे केवळ बाहेरच्या आवरणावर नव्हता. तो हवा जाण्याच्या फटींत, तांब्याच्या वेटोळ्यांवर आणि भाग क्रमांकाच्या स्टिकरवरही मारलेला होता. नखाने तो रंग खरवडत गेल्यावर एकेक आकडा वर आला, सगळे आकडे माझ्या जुन्या भागाशी जुळले, आणि शेवटचे अक्षर निराळे निघाले. त्या एका अक्षरामुळे कनेक्टर वेगळा होता: माझ्या गाडीच्या वायरिंगला तीन पिना हव्या होत्या आणि या भागाला दोनच होत्या. विक्रेत्याला हे फोटोंसह कळवले, तर त्याने ‘चाचणी केलेली नाही असे लिहिले होते’ एवढे सांगून हात वर केले. स्टिकरवर रंग मारण्याचा आणि चाचणी न करण्याचा काय संबंध आहे, या माझ्या प्रश्नाला त्याने उत्तरच दिले नाही. परत पाठवायचा तर कुरियरचा खर्च माझ्या माथी, आणि तेवढ्या वजनदार वस्तूचा तो खर्च बोलीच्या रकमेच्या निम्म्याहून अधिक होत होता.

मला सर्वांत जास्त चीड या गोष्टीची येते की जी माहिती खरेदीदाराला हवी असते, ती विक्रेत्याच्या हातात असते आणि ती द्यायला त्याला काहीही खर्च येत नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत उत्पादनाच्या मध्यावर भाग बदललेला असू शकतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणूनच भाग क्रमांक असतो, आणि म्हणूनच गाडीचा 17 अक्षरांचा चॅसिस क्रमांक असतो, ज्यात 1 आणि 0 यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दाम वगळलेली आहेत. वाचणाऱ्याची चूक होऊ नये याची इतकी काळजी क्रमांक ठरवणाऱ्यांनी घेतली, आणि विक्रेता मात्र लेबलाचा एक स्पष्ट फोटो टाकायला तयार नसतो. हेडलाइटचे दहा फोटो असतात, दहाही समोरून. दिवा बसवायचे मागचे प्लॅस्टिकचे कान शाबूत आहेत की मोडून गोंदाने चिकटवले आहेत, ते एकाही फोटोत दिसत नाही. तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे की उजवीकडून, हेही लिहिलेले नसते, आणि चुकीचा दिवा बसवला की त्याचा झोत थेट समोरून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांवर जातो. इंजिनचा कंट्रोल युनिट अनेक गाड्यांत इमोबिलायझरच्या, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या, कोडने मूळ गाडीच्या किल्लीशी बांधलेला असतो आणि योग्य कोडिंग केल्याशिवाय दुसरी गाडी त्यावर सुरूच होत नाही. तरीही तो ‘जोडा आणि चालवा’ अशा शब्दांत सर्रास विकला जातो.

दिवा किंवा ऑल्टरनेटर यांत पैसे बुडतात. एअरबॅग आणि सीटबेल्ट यांत जीव जातो, आणि हे भाग त्याच यादीत, त्याच भाषेत, गालिचे आणि कपहोल्डर यांच्या शेजारी लावलेले पाहिले की मला संताप आवरत नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगांचे प्रकरण जगभर गाजले. त्यांच्या इन्फ्लेटरमधले, म्हणजे पिशवी क्षणात फुगवणाऱ्या भागातले, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडत गेले, एअरबॅग उघडताना धातूचे कवचच फुटू लागले आणि त्याचे तुकडे चालकांच्या अंगात घुसून माणसे मेली. एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. परत मागवण्याची ही सगळी यंत्रणा गाडीच्या चॅसिस क्रमांकावर चालते. भंगारात गेलेल्या गाडीतून एअरबॅग एकदा सुटी काढली आणि मूळ गाडीचा क्रमांक न देता विकली, की ती सदोष गाडीतली आहे की नाही, हे खरेदीदाराने कशावरून ओळखायचे? विक्रेत्याने तो क्रमांक लिहिणे लिलाव चालवणाऱ्यांनी सक्तीचे का करू नये? माझ्या मते तर हे भाग लिलावात असताच कामा नयेत.

टायरच्या बाबतीतही हेच. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्या डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला. पूर्ण कोड कधी कधी एकाच बाजूला असतो. विक्रेता नक्षीची खोली दाखवणारे सुंदर फोटो टाकतो आणि नेमकी ती बाजू जमिनीकडे ठेवतो. रबर वापराविनाही म्हातारे होते, हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

लिलाव चालवणाऱ्यांनी तर कानांवर हात ठेवले आहेत. तक्रार करण्याची मुदत वस्तू पोहोचल्यापासून मोजली जाते, भाग गाडीत बसल्यापासून नाही. चांगल्या मेकॅनिककडे नंबर लागेपर्यंत ती मुदत संपत आलेली असते. विक्रेत्यांना मिळालेले अभिप्राय मी आता एकेक करून वाचतो, आणि त्यांतले बहुसंख्य ‘लवकर पोहोचले, पॅकिंग उत्तम’ एवढेच सांगतात. हे अभिप्राय देणाऱ्यांनी भाग अजून खोक्याबाहेरही काढलेला नसतो, तरी त्यांच्या जोरावर विक्रेत्याच्या नावापुढे 99 टक्के समाधानाचा शिक्का बसतो आणि तो पाहून पुढचा माणूस फसतो. शेवटच्या मिनिटात अचानक नवी खाती बोली चढवू लागतात, ती कोणाची आहेत हे कोणी तपासत नाही. वर विक्रेता खासगी संदेशात ‘व्यवहार बाहेर करू, स्वस्तात देतो’ म्हणतो. त्याच्या नादी लागून थेट पैसे पाठवले, की लिलावाच्या ऑनलाइन व्यासपीठाचे जे काही तुटपुंजे संरक्षण आहे तेही गेलेच म्हणून समजावे.

आता मी लेबलाचा फोटो, मूळ गाडीचा चॅसिस क्रमांक आणि ती गाडी का मोडीत काढली याचे कारण, या तीन गोष्टी लेखी मिळाल्याशिवाय बोली लावत नाही. दहापैकी सात विक्रेते उत्तरच देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. गेल्या आठवड्यात एका चालकाच्या बाजूच्या सीटबेल्टचा लिलाव दिसला. अपघातात प्रीटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग) एकदा उडाला की तो पट्टा पुन्हा वापरता येत नाही, म्हणून मला घ्यायचा नसतानाही मी विक्रेत्याला विचारले की या गाडीचा अपघात झाला होता का आणि पट्टा पूर्ण बाहेर येऊन परत आत जातो का. दोन दिवसांत तीनदा विचारले. वर्णनात शेवटपर्यंत ‘चाचणी केलेली नाही’ एवढेच होते. व्यासपीठाकडे तक्रार केली, तिची पोच आली. लिलाव वेळेवर संपला, अकरा बोली लागल्या आणि तो पट्टा विकला गेला.