‘पैसे टाका, विकिपीडिया वाढेल’ : कोरियाच्या नावाने फिरणारा एक अर्धवट हिशेब

मराठी विकिपीडियाबद्दल बोलणं निघालं की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: दक्षिण कोरियात घराघरांत वेगवान इंटरनेट आहे, तरुण पिढी दिवसरात्र ऑनलाइन असते, तरीही कोरियन भाषेतला विकिपीडिया जपानी किंवा इंग्रजीच्या मानाने खुजाच राहिला. कारण फुकटात कोणी राबत नाही. तेव्हा लेखामागे मानधन द्या, जाहिराती लावा, चालवायला एखादी कंपनी आणा. संख्या वाढली की समाजाच्या सगळ्या थरांतले लोक आपोआप येतील. मराठीनेही आता भावनेचं राजकारण सोडून हेच करावं.

ऐकायला व्यवहारी वाटतं, आणि म्हणूनच ते इतकं फिरतं. पण कोरियात गेल्या वीसेक वर्षांत जे घडलं ते या मजकुराच्या जवळजवळ उलट आहे.

आधी तो ‘खुजेपणा’ बघू. कोरियन विकिपीडिया ऑक्टोबर 2002 मध्ये सुरू झाला. आज त्यात सात लाखांच्या घरात लेख आहेत. दक्षिण कोरियाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत, आणि उत्तर कोरियातल्या सामान्य माणसाला खुलं इंटरनेट नाही, म्हणजे तिकडून संपादक येण्याचा प्रश्नच नाही. मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख, आणि आपले लेख लाखभर. कोरियाला नापास ठरवायचं तर आपण कोणत्या इयत्तेत बसतो, हेही त्या मजकुराने सांगायला हवं होतं.

शिवाय लेखांची संख्या हे समुदायाचं माप नव्हेच. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात साठ लाख लेख आहेत, जगातल्या मोठ्या विकिपीडियांत तो मोडतो. त्यातले बहुतेक सगळे एका स्वीडिश माणसाच्या बॉटने, म्हणजे आपोआप लेख बनवणाऱ्या संगणक-प्रोग्रामने, तयार केले. तिथे रोज लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

आता मुख्य दाव्याकडे येऊ: ‘फुकटात कोणी लिहीत नाही.’ ज्या ऑक्टोबर 2002 मध्ये कोरियन विकिपीडिया सुरू झाला, त्याच महिन्यात नेव्हर या कोरियन शोधयंत्राने ‘जिशिक-इन’ नावाची प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली. कोणीही प्रश्न विचारायचा, कोणीही उत्तर द्यायचं. उत्तराला पैसे नाहीत, ‘नेगोंग’ नावाचे गुण मिळतात, आणि गुण साठत गेले की पदवी वाढते. पदव्याही कशा, तर खालून नवखा, मधला, उस्ताद असं चढत चढत पुढे सूर्यदेव आणि शेवटी थेट परमदेव! गणिताच्या गृहपाठापासून घरमालकाने अनामत परत न देण्यापर्यंत सगळ्यावर लोकांनी उत्तरं लिहिली. नेव्हरने या उत्तरांना आपल्या शोधनिकालात मानाची जागा दिली आणि त्यातूनच ती कंपनी देशातलं पहिल्या क्रमांकाचं शोधयंत्र म्हणून घट्ट बसली.

दुसरं उदाहरण नामुविकीचं. हा कोरियन भाषेतला विकी, म्हणजे कोणीही पानं लिहू आणि बदलू शकेल असं संकेतस्थळ. दहा लाखांहून जास्त पानं, देशात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांत गणना, आणि लिहिणाऱ्यांना दमडी नाही. म्हणजे कोरियन भाषेत फुकट लिहिणाऱ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. ते विकिपीडियावर कमी आणि इतरत्र जास्त लिहीत होते, एवढंच.

का? नामुविकीचं एखादं पान उघडलं की कारण समजतं. एखाद्या चित्रपटावरच्या लेखात मध्येच एक शेरा येतो आणि त्यावर आडवी रेघ मारलेली असते, म्हणजे खोडलेलं, पण वाचता येईल असं. हा तिथला ठरलेला विनोद. लेखकाचं मत, टोमणा, ऐकीव गोष्ट, सगळं चालतं. संदर्भ असला तर असला. विकिपीडियावर मात्र पहिल्याच वाक्याला कोणीतरी ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावतं. संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाला यातलं कुठलं जवळचं वाटेल, हे सांगायला संशोधन नको. ही अडचण मानधनाने सुटत नाही. नवख्याशी जुने संपादक कसे बोलतात, त्याचं पहिलं पान उडवताना कारण सांगतात की नुसती नियमाची लिंक तोंडावर फेकतात, यावर ती बरीचशी अवलंबून असते. (मराठी विकिपीडियावर काम केलेल्यांनी इथे मान डोलावली असेल.)

‘लेखामागे पैसे द्या.’ हा प्रयोग झालेला आहे, आणि आपल्याच शेजारी झालेला आहे. 2009-10 च्या सुमारास गूगलने हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, बंगाली अशा भाषांत मोबदला देऊन इंग्रजी लेखांची भाषांतरं करून घेतली. शब्दसंख्या भरपूर आली. पण भाषा यांत्रिक, विषय त्या वाचकांशी संबंध नसलेले, आणि चूक दाखवली तर दुरुस्त करायला लेखक परत यायचा नाही, कारण त्याचं काम संपलेलं. बंगाली समुदायाने तर हे लेख घ्यायलाच नकार दिला. तमिळ संपादकांनी 2010 च्या विकिमेनियात, म्हणजे विकिपीडियाकारांच्या जागतिक संमेलनात, जाऊन तक्रारी मांडल्या.

पुण्यात 2011 मध्ये पैशांऐवजी गुणांचं आमिष होतं. महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायचे, अशी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेची योजना होती. बऱ्याच विद्यार्थ्यांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून मजकूर जसाच्या तसा उचलला. तो शोधून काढण्यात जगभरचे स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि योजना त्याच वर्षी गुंडाळावी लागली. मुलं लबाड होती असं मला वाटत नाही. ज्याला लेख ‘जमा करायचा’ आहे आणि ज्याला तो लिहायचा आहे, ती दोन वेगळी माणसं असतात. योजनेने पहिल्या प्रकारची गोळा केली.

सगळीच बक्षिसं वाईट असं नाही. नोव्हेंबरात होणाऱ्या ‘विकिपीडिया आशियाई महिना’ या स्पर्धेत ठरावीक लेख पूर्ण केल्यावर दुसऱ्या एखाद्या आशियाई देशातून पोस्टकार्ड येतं. पोस्टकार्डासाठी कोणी चोरीचा मजकूर टाकत बसत नाही. 2018 च्या प्रोजेक्ट टायगरमध्ये भारतीय भाषांतल्या संपादकांना लॅपटॉप आणि इंटरनेटचा खर्च मिळाला. मासिक बक्षिसंही होती. माझ्या मते त्यातला टिकाऊ भाग लॅपटॉपचा. जो आधीच लिहीत होता त्याच्या हातात साधन आलं.

‘जाहिराती लावा, कंपनी आणा.’ या मुद्द्यावर कोरियाइतका स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्या भाषेत सापडणं अवघड आहे, आणि नेमका तोच त्या मजकुरात गाळलेला आहे.

नामुविकीच्या आधी ‘रिगवेदा विकी’ होता. हो, नाव आपल्या ऋग्वेदाचंच. ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) आणि गेमच्या शौकिनांच्या एका अड्ड्यातून 2007 मध्ये तो निघाला आणि वाढत वाढत कोरियन भाषेतला प्रचंड मोठा विकी झाला. सर्व्हर एका माणसाचा, जाहिरातींचं उत्पन्नही त्याच्याकडे. वर्षानुवर्षं कोणाची फारशी तक्रार नव्हती, कारण सर्व्हरला खर्च येतो हे सगळ्यांना मान्य होतं. 2015 च्या वसंतात नियमांची नीट तपासणी झाली आणि लोकांच्या लक्षात आलं की आपण लिहिलेल्या मजकुरावर चालक स्वतःचा हक्क सांगतो आहे. मग भडका उडाला. संपादकांनी स्वतःचेच लेख पुसायला सुरुवात केली. ज्या पानांवर महिनोन्महिने खपले ती पानं रिकामी करून टाकली. काही दिवसांतच, एप्रिल 2015 मध्ये, सगळ्या मजकुराची प्रत घेऊन नामुविकी उभा राहिला. दुसरा एक गट लिब्रे विकी घेऊन वेगळा झाला. मूळ विकी पुन्हा सावरला नाही.

प्रकरण कोर्टातही गेलं. रिगवेदा विकीची नक्कल चालवणाऱ्या एका संकेतस्थळाविरुद्धच्या दाव्यात सोलच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये मूळ चालकाला ‘डेटाबेस निर्माता’ म्हणून संरक्षण दिलं. म्हणजे लिहिलं हजारोंनी, आणि साठ्यावरचा हक्क मान्य झाला तो यंत्रणा उभारणाऱ्याचा. कायद्याच्या चौकटीत ते बरोबरही असेल. पण ‘कंपनी आणा’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल एकदा शांतपणे वाचावा.

बंड करून निघालेल्या नामुविकीचं पुढे काय झालं? आज त्याची मालकी दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेत नोंदलेल्या एका कंपनीकडे आहे आणि पानांवर जाहिराती आहेत. मजकुराचा परवाना ‘व्यावसायिक वापर नको’ असा आहे, त्यामुळे तिथला परिच्छेद विकिपीडियात आणता येत नाही. विकिपीडियाचा परवाना व्यावसायिक वापरालाही मोकळीक देतो, दोघांचं जुळत नाही. कोरियन भाषेत फुकट लिहिलेलं एवढं मोठं भांडार, आणि त्याच भाषेतल्या मुक्त कोशाला त्याचा उपयोग शून्य. लिब्रे विकीने परवाना विकिपीडियाशी जुळेल असा घेतला. तो लहान राहिला, हे मान्य करायला हवं. मुक्त असलं की मोठं होतं असंही नाही.

‘फाउंडेशनकडे पैशांच्या राशी आहेत, त्यांनीच द्यावेत.’ विकिमीडिया फाउंडेशनचं वर्षाचं उत्पन्न अलीकडे 18 कोटी डॉलरच्या वर असतं, हे खरं. त्यातून संस्थांना आणि उपक्रमांना अनुदान मिळतं, हेही खरं. सोलमधल्या कोरियन विकिमीडिया संघटनेसारख्या संस्था त्यावर बऱ्याच अवलंबून असतात. पण देशातच देणग्या गोळा करून पायावर उभं राहायचं म्हटलं तर कोरियाचा देणगी कायदा आडवा येतो. एक कोटी वॉनच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबात साधारण सहा लाख रुपयांच्या वर, लोकांकडून देणगी जमवायची तर सरकारदरबारी नोंदणी लागते, आणि जमवण्याच्या खर्चावर 15 टक्क्यांची मर्यादा आहे. सभासदांची वर्गणी यातून सुटते, म्हणून लहान संस्था सभासद वाढवण्याच्या मागे असतात. परदेशी देणगीच्या कायद्यामुळे आपल्याकडच्या संस्थांची जी ओढाताण होते, तिच्याच जातीची ही.

राहिला शेवटचा दावा: ‘संख्या वाढली की विविधता आपोआप येते.’

कोरियात 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवण्याची सक्ती होती. यूट्यूबने 2009 मध्ये ती पाळण्याऐवजी कोरियासाठी व्हिडिओ चढवण्याची सोयच बंद केली. घटनात्मक न्यायालयाने 23 ऑगस्ट 2012 रोजी एकमताने हा नियम रद्द केला. ज्याला समलैंगिकतेवर, लष्करी सेवेला नकार देणाऱ्यांवर किंवा उत्तर कोरियावर लिहायचं आहे, त्याच्यासाठी टोपणनाव ही चैन नसते. विकिपीडियावर टोपणनाव पहिल्या दिवसापासून चालतं, आणि ही सोय कुठल्याही अनुदानाने विकत आणलेली नाही.

दुसरं म्हणजे फेमिविकी. 2016 मध्ये कोरियन स्त्रीवाद्यांनी स्वतःचा वेगळा विकी काढला. त्याच्या आधीपासूनच मोठे विकी भरभरून वाहत होते, वाचक लाखोंनी होते. संख्येने विविधता येत असती तर या बायकांना वेगळी चूल मांडायची गरज काय होती? मोठ्या विकीवर कुठलं पान कसं लिहायचं, हे सर्वांत जास्त वेळ ज्याच्याकडे आहे तोच ठरवतो, आणि हा वेळ कोणाकडे असतो हे घर चालवणाऱ्या कुणालाही विचारा.

याउलट विविधतेचा आग्रह धरला तर वादही अंगावर घ्यावे लागतात. दक्षिण कोरियात शेजारी देशाला सगळे ‘बुकहान’, म्हणजे उत्तर हान, म्हणतात. कोरियन विकिपीडियावर त्या देशाचा लेख मात्र त्याच्या स्वतःच्या अधिकृत नावाने, ‘जोसन लोकशाही जनता प्रजासत्ताक’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली आहे. कोश कोरियन भाषेचा आहे, एका देशाचा नाही, ही त्यामागची भूमिका. चीनमधल्या यानब्यानचे, जपानमधले, मध्य आशियातले कोरियनही याच भाषेचे दावेदार आहेत. जाहिरातदाराला सांभाळणाऱ्या संकेतस्थळाने असा निर्णय घेतला असता का, मला शंका आहे.

हे सगळं वाचून मी पैशांच्या विरोधात आहे असं कोणी म्हणू नये. पैसा हवाच: सभागृहाच्या भाड्याला, बाहेरगावच्या संपादकाच्या एसटी-रेल्वेच्या तिकिटाला, कार्यशाळेत लहान मूल घेऊन येणाऱ्या बाईच्या सोयीला, वकिलाच्या फीला. आणि सर्वांत आधी संदर्भसाधनांना. नेव्हरवर एरवी मी कितीही टीका केली, तरी त्यांनी 1920 ते 1999 या काळातली जुनी कोरियन वर्तमानपत्रं स्कॅन करून, शब्द शोधता येतील अशा रूपात सर्वांना फुकट खुली केली. एखाद्या विस्मृतीत गेलेल्या नटीवर किंवा 1930 मधल्या संपावर लिहायला बसलेल्याला तारखेसह बातमी घरबसल्या मिळते. ‘संदर्भ हवा’ या पाटीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. आणि या कामात एकाही लेखकाला लेखामागे पैसे द्यावे लागले नाहीत.

मराठीत विश्वकोश सरकारी खर्चाने झाला आणि आज तो फुकट वाचता येतो, ही आपली जमेची बाजू. पण जुन्या मराठी नियतकालिकांत नाव टाकून शोध घ्यायचा म्हटलं की अजून एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटापुढे उभं राहावं लागतं. कोणाला मराठी ज्ञानकोशासाठी खरोखरच खिशात हात घालायचा असेल, तर पहिली पावती या स्कॅनिंगची फाडावी, आणि त्यातून तयार होणारा साठा कोणत्या परवान्याखाली, कोणाच्या नावावर राहील, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावं.