शुक्रवारची संध्याकाळ मुलींनाही द्या

"मुलींच्या मॅचला प्रेक्षक येतच नाहीत, मग त्यांना शुक्रवार देऊन काय करायचं?" हायस्कूलच्या बास्केटबॉलबद्दलचं हे वाक्य गेल्या हिवाळ्यात मी शाळेच्या पार्किंगमध्ये ऐकलं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं आणि शेवटी एका मीटिंगमध्ये थेट तोंडावर ऐकलं. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. इंग्रजीत जिथे लिहायचं तिथे लिहून झालं. इथे मराठीत लिहितेय, कारण अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली आता शाळेच्या संघांत खेळतात आणि आपण आईबाप मात्र "संघात घेतलं ना, बास झालं" म्हणून गप्प बसतो.

ज्यांना इथलं वातावरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही इंडियानात राहतो. इथे हायस्कूल बास्केटबॉल हा नुसता खेळ नाही, गावाची इभ्रत आहे. मुलांची राज्य स्पर्धा 1911 पासून चालू आहे. न्यू कॅसल नावाच्या, वीस हजारांचीही वस्ती नसलेल्या गावातल्या हायस्कूलच्या जिममध्ये, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, हजारो माणसं बसतात. 1954 साली मायलन नावाच्या 161 विद्यार्थ्यांच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला अंतिम सामन्यात 32-30 असं हरवलं. त्या शेवटच्या बास्केटची गोष्ट इथली म्हातारी माणसं आजही काल घडल्यासारखी सांगतात.

मुलींची राज्य स्पर्धा सुरू झाली 1976 मध्ये. मुलांनंतर तब्बल 65 वर्षांनी. मुली आल्या तोवर जिम, शुक्रवारची सोयीची रात्र, बँड, चीअरलीडर्स, गावाची सवय, सगळ्याचं वाटप होऊन गेलं होतं. त्यांना उरलेले दिवस मिळाले.

उरलेले म्हणजे मंगळवार आणि गुरुवार. माझी लेक व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात आहे. जानेवारीतल्या एका मंगळवारचं सांगते. दुसऱ्या शाळेत जाऊन खेळायची अवे गेम होती. शाळा सुटल्यावर पोरी घरी न येता तिथूनच पिवळ्या बसमध्ये बसल्या. सव्वा तासाचा रस्ता, दोन्हीकडे कापणी झालेली मक्याची शेतं आणि लवकर पडलेला अंधार. आम्ही मागून गाडीनं. जिममध्ये शिरलो तर एका बाजूची बाकं भिंतीतून बाहेर ओढलेलीच नव्हती. जोश चढवणारा पेप बँड नाही. खाण्यापिण्याच्या कन्सेशन स्टँडचं शटर खाली. घोषणा करणारा माणूसही नाही, त्यामुळे सुरुवातीला खेळाडूंची नावंसुद्धा पुकारली गेली नाहीत. प्रेक्षक म्हणजे दोन्हीकडचे आईबाप, काही आजीआजोबा आणि आपली मॅच संपवून थांबलेल्या जेव्हीच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या संघातल्या मुली. पोरी जीव तोडून खेळल्या, मॅच ओव्हरटाइमपर्यंत गेली. घरी पोचायला पावणेअकरा. दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला केमिस्ट्रीची टेस्ट. मध्यरात्र उलटून गेली तरी ती गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधून जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्या शाळेत मुलांची मॅच. दोन्ही बाजूंची बाकं उघडलेली, बँड, एकाच रंगाचे कपडे घालून आलेला स्टुडंट सेक्शन, दिवे मालवून एकेका खेळाडूचं नाव पुकारणं. मुलं उशिरा घरी गेली असतील, पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता. त्या मुलांचा मला राग नाही. त्यातली निम्मी आमच्या घरी येऊन पोहे खाऊन गेलेली आहेत. त्यांना मिळतं ते मिळायलाच हवं. प्रश्न एवढाच आहे की तेच मुलींना का नाही?

कधीकधी शुक्रवारी दोन्ही मॅच एकत्र ठेवतात. तेव्हा मुलींची सहाला, मुलांची साडेसातला. हा क्रम मी कधी उलटा पाहिलेला नाही. सहा वाजता माणसं कामावरून निघत असतात. साडेसातच्या मॅचसाठी जागा धरायला आलेले लोक मुलींचा चौथा क्वार्टर फोनमध्ये डोकं घालून काढतात. आणि मग हेच लोक सांगतात की मुलींच्या खेळात तेवढी मजा नाही.

आता ते सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा. ज्या रात्री कोणाला येता येत नाही त्या रात्री मॅच ठेवायची, बँड पाठवायचा नाही, आणि मग रिकामी बाकं दाखवून म्हणायचं की बघा, कोणी येत नाही. मुलींची मॅच बघायला लोक येतात की नाही हे 2024 मध्ये आख्ख्या देशानं पाहिलं. कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी बघितला, असं पहिल्यांदाच घडलं. त्याच वर्षी कॉलेजमध्ये गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क इंडियाना फीव्हर या बायकांच्या व्यावसायिक संघात आली आणि आमच्या इंडियानापोलिसमध्ये बायकांच्या मॅचची तिकिटं मिळेनाशी झाली. जागा, वेळ आणि थोडी जाहिरात दिली की लोक येतात.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. याच राज्यात यावर खटला झालाय. फ्रँकलिन काउंटीमधल्या मुलींच्या संघाच्या माजी कोचनी 2009 मध्ये कोर्टात धाव घेतली. त्या निकालपत्रात आकडे आहेत. दुसऱ्या दिवशी शाळा नसते अशा रात्री, म्हणजे मुख्यतः शुक्रवार-शनिवारी, मुलांचे जवळपास 95 टक्के सामने होत होते. मुलींचे सुमारे 53 टक्के. खालच्या कोर्टानं साक्षीपुराव्याची सुनावणी न घेताच शाळांच्या बाजूनं निकाल दिला होता. सातव्या सर्किटच्या, म्हणजे आमच्या भागाच्या संघीय अपील कोर्टानं जानेवारी 2012 मध्ये तो फिरवला आणि मुलींचा दावा पुन्हा उभा केला. न्यायाधीशांनी काय विचारात घेतलं? आठवड्याच्या मधल्या रात्री खेळण्यामुळे अभ्यासावर येणारा ताण, न येणारे प्रेक्षक, न येणारा बँड, आणि या सगळ्यातून "तुमचा खेळ दुय्यम आहे" असा मुलींना मिळणारा संदेश. हा निकाल वाचला तेव्हा वाटलं, आमचं मंगळवारचं जिम कोणीतरी आधीच येऊन बघून गेलंय.

कायदा तर त्याहून जुना आहे. टायटल नाइन 1972 चा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं लिंगावरून भेदभाव करायचा नाही, हा त्याचा गाभा. 1975 च्या नियमांत खेळांपुरतं काय काय तपासायचं याची यादीच आहे. त्यात सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा आहेत, लॉकर रूम आणि खेळायच्या जागाही आहेत. म्हणजे वेळापत्रक हा शाळेचे खेळ सांभाळणाऱ्या ॲथलेटिक डायरेक्टरच्या सोयीचा कारकुनी मामला नाही, हे पन्नास वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय.

शेजारच्या मिशिगनची गोष्ट तर याहून मोठी. तिथे मुलींचा बास्केटबॉलचा सीझनच हिवाळ्यात नव्हता. बाकी जवळपास सगळ्या राज्यांत हिवाळ्यात खेळतात, मिशिगनच्या मुली मात्र शरद ऋतूत खेळायच्या, कारण हिवाळ्यात जिम मुलांचं. कॉलेजचे प्रशिक्षक खेळाडू हेरायला बाहेर पडतात तेव्हा या मुलींचा सीझन संपलेला, आणि मार्चमध्ये देशभर बास्केटबॉलचा ज्वर चढतो तेव्हा या घरी. ग्रँड रॅपिड्स भागातल्या पालकांनी संघटना काढली आणि 1998 मध्ये राज्याच्या हायस्कूल क्रीडा संघटनेवर खटला भरला. संघटनेचं म्हणणं होतं की जिम मर्यादित, कोच मर्यादित, पंच मर्यादित, सीझन वेगळे ठेवले की जास्त मुलामुलींना खेळता येतं. 2001 मध्ये कोर्टानं जो निकाल दिला त्याचं सार असं की सीझन वेगळे ठेवायचेच असतील तर ठेवा, पण गैरसोयीचा सीझन दर वेळी मुलींच्याच वाट्याला का? अपिलांवर अपिलं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं आणि 2007-08 पासून मिशिगनच्या मुली हिवाळ्यात खेळू लागल्या. खटला भरला तेव्हा हायस्कूलात असलेल्या मुलींचं तोवर कॉलेजही उरकलं होतं. त्यांच्या आयांनी आपल्या मुलींना काहीही मिळणार नाही हे कळल्यावरही हे लढवत नेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता यजमानपद. याबद्दल कमी बोललं जातं, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. राज्य स्पर्धेची पहिली पायरी म्हणजे सेक्शनल. इंडियानात पिढ्यानपिढ्या तिथल्या जोड्या मानांकनानं नाही, चिठ्ठ्या काढून ठरत आल्या. त्याला माझा आक्षेप नाही, चिठ्ठी सगळ्यांना सारखी. पण सामने होतात त्या गटातल्याच एका शाळेच्या जिममध्ये. त्या शाळेच्या मुली रोज ज्या रिंगवर सराव करतात तिथेच खेळतात, आपल्या लॉकर रूममध्ये कपडे बदलतात, आपल्या गावाच्या आरडाओरड्यात फ्री थ्रो टाकतात. बाकीच्या बसमधून उतरून पंधरा-वीस मिनिटांत अंग मोकळं करून कोर्टवर. एक मॅच हरलात की सीझन संपला, अशा स्पर्धेत हा फरक छोटा नाही. वर्षानुवर्षं तेच यजमान का, असं विचारलं की उत्तर येतं, त्यांचं जिम मोठं. जिम मोठं का? कारण सेक्शनल आपल्याकडे याव्यात म्हणूनच पूर्वी गावोगावी एवढी मोठी जिम्स बांधली गेली. ज्यांना तेव्हा पैसे होते त्यांना आजही घरचं मैदान.

आणि ज्यांना मैदानच नव्हतं त्यांचं काय? इंडियानापोलिसची क्रिस्पस ॲटक्स शाळा 1927 मध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळं ठेवण्यासाठी उघडली गेली. राज्य स्पर्धेत त्यांना 1942 पर्यंत प्रवेशच नव्हता. शाळेचं जिम एवढं लहान की मोठे सामने घरी घेताच येत नव्हते, संघ कायम दुसऱ्याच्या दारात जाऊन खेळायचा. तरी 1955 मध्ये, पुढे मोठा खेळाडू झालेल्या ऑस्कर रॉबर्टसनच्या या संघानं राज्य स्पर्धा जिंकली, 1956 मध्ये पुन्हा जिंकली. 1955 च्या विजयानंतर त्यांच्या मिरवणुकीला शहराच्या मधोमध रेंगाळू दिलं नाही, मॉन्युमेंट सर्कल या मुख्य चौकाला वळसा घालून थेट कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या पार्ककडे पाठवलं. सामना कुठे होतो, जल्लोष कुठे होतो, हे ठरवणाऱ्याच्या हातात काय असतं ते या शहराला चांगलं माहीत असायला हवं.

शाळेच्या बाजूचीही अडचण मला समजते. पंच खरोखर कमी आहेत. करार दोन शाळांत आधीपासून झालेले असतात, एका शाळेनं ठरवून शुक्रवार बदलत नाही, आख्ख्या कॉन्फरन्सला, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या शाळांच्या गटाला, एकत्र बसावं लागतं. मुलांच्या मॅचच्या तिकिटांवर बाकीच्या खेळांचा खर्च निघतो, हेही ऐकलंय. मान्य. पण अडचण सगळ्यांची असेल तर ती सगळ्यांत वाटून घ्या ना. एक वर्ष मंगळवार मुलांनी घ्यावेत, केमिस्ट्री त्यांनाही असते.

मी स्वतः सांगली जिल्ह्यात शाळेकडून खो-खो खेळले. तालुक्याच्या स्पर्धेत मुलींचे सामने भर दुपारी उरकायचे, मुलांचे चारनंतर, कारण बक्षीस द्यायला येणारे पाहुणे तेव्हा यायचे. अनवाणी पाय भाजायचे. सर म्हणायचे, "पोरींनो, लवकर आटपा, नंतर मोठ्या मॅच आहेत." आमच्यातल्या कोणालाही हे कोणाला विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. माझ्या लेकीला माहीत आहे. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी यंदाचं आख्खं वेळापत्रक एका शीटमध्ये भरलंय: कोणाचे किती शुक्रवार, कोणाचे किती होम, कुठे बँड होता, कुठे नव्हता. तिची सीनियर नाइट, म्हणजे शेवटच्या वर्षातल्या खेळाडूंच्या कौतुकाची रात्र, बुधवारी होती, तीही त्यात आहे.

ही शीट घेऊन आम्ही काही पालक पुढच्या महिन्यात स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जातोय. मागणी अवघड नाही. दोन्ही मॅच एका रात्री असतील तेव्हा क्रम आलटून पालटून ठेवा. शुक्रवार-शनिवारचे होम गेम निम्मे निम्मे करा, दोन वर्षांत टप्प्याटप्प्यानं केलं तरी चालेल. बँड आणि चीअरलीडर्स दोघांना सारखे. आणि सेक्शनलचं यजमानपद गटात फिरतं ठेवावं किंवा कोणाचंच घर नसलेल्या जिममध्ये सामने घ्यावेत, असं आमच्या शाळेनं राज्य संघटनेला लेखी कळवावं.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये कोणत्याही रहिवाशाला बोलता येतं, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. मूल त्या शाळेत असायलाच हवं असंही नाही. पुढच्या सीझनचे करार पक्के व्हायच्या आत बोललं तरच उपयोग. तुमच्या शाळेचं वेळापत्रक वेबसाइटवर असतंच, ते उघडून मुलामुलींचे शुक्रवार मोजायला अर्धा तास पुरतो. कोणाला आमच्या शीटचा साचा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. आणि या भागातले असाल तर मीटिंगला या, आम्ही सगळे संघाच्या रंगाचे कपडे घालून येणार आहोत.