चार दिवस आधी अर्ज केला, हीच माझी चूक

नोकरी संपली २३ मे २०२५ ला. युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे बेकार किंवा कमी कमाईच्या माणसाला ब्रिटिश सरकार दर महिन्याला देतं त्या मदतीचा, अर्ज केला २४ ला. शेवटचा पगार खात्यात आला २८ ला. या तीन तारखांपायी माझे जवळजवळ पाचशे पौंड गेले. आठ महिने झाले, तरी पेस्लिपांची फाईल हातात घेतली की डोकं तापतं.

मी इंग्लंडमध्ये राहते. घरात मी आणि सात वर्षांची मुलगी, कमावणारी मी एकटी. वेअरहाऊसच्या ऑफिसात होते, ते ऑफिस बंद झालं. शनिवारी रात्री मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पासपोर्ट, भाडेकरार, बँक स्टेटमेंट असं सगळं मांडून बसले आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज एका बैठकीत भरून टाकला. दोन दिवस आधी हेल्पलाईनला फोन केला होता. तिकडच्या बाई म्हणाल्या, नोकरी संपली की लगेच भरा, उशीर करू नका. मी उशीर केला नाही. शेवटचा पगार मिळाला का, कधी मिळणार, हे त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. आणि सगळी मेख तिथेच होती!

नियम असा आहे. ज्या दिवशी अर्ज कराल त्या दिवसापासून तुमचा महिना सुरू. त्याला म्हणतात असेसमेंट पिरियड. माझा २४ मे ते २३ जून. महिना संपल्यावर आणखी सात दिवसांनी पैसे, म्हणजे पहिली पै हातात पडायला पाच आठवडे. त्या महिन्यात खात्यात जो पगार पडेल तो त्या महिन्याची कमाई. काम कधी केलं होतं याला काडीची किंमत नाही. मे महिन्यात, नोकरी असताना, मी राबून मिळवलेला १,७८० पौंडांचा पगार २८ ला आला आणि माझ्या बेकारीच्या पहिल्या महिन्याची कमाई ठरला.

आता हिशेब बघा. २०२५-२६ च्या दरानं माझे ४००.१४, मुलीचे २९२.८१ आणि भाड्याचे ८५०, असे मिळून १,५४२.९५ पौंड बसत होते. मूल आहे म्हणून त्या वर्षी कमाईतले ४११ पौंड सोडत होते, उरलेल्या रकमेच्या ५५ टक्के मदतीतून कापत होते. कापले ७५२.९५. हातात ७९०. त्यातूनही २० गेले, कारण पाच आठवडे काढायचे म्हणून त्यांच्याकडूनच ४८० पौंडांचा ॲडव्हान्स घेतला होता, तो २४ हप्त्यांत फिटतो. ३० जूनला खात्यात ७७० पौंड. १ जुलैला भाडं ८५०. ऐंशी पौंड कुठून आणले ते मला ठाऊक आहे, इथे लिहायची इच्छा नाही.

आणि मी २९ मे ला, गुरुवारी अर्ज केला असता तर? तोच पगार, त्याच खात्यात, पण अर्जाच्या आदल्या दिवशी आलेला. मग ती कमाई धरत नाहीत, शिल्लक धरतात. सहा हजार पौंडांच्या आतल्या शिल्लकीला ते हात लावत नाहीत. पाच दिवसांचे अडीचशे पौंड बुडाले असते हे खरं, पण साडेसातशेची कात्री टळली असती. ४ जुलैला पूर्ण रक्कम आली असती. घरमालकाला तीन दिवस थांबा म्हणाले असते, थांबला असता तो.

हे मला कळलं कधी? जुलैत. मोफत सल्ला देणाऱ्या एका केंद्रात गेले, तिथल्या बाईंनी कागद बघितले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा पगार यायच्या आधी भरलात का हो?" एवढा एकच प्रश्न! हाच प्रश्न अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात का नाही? पगाराचा आकडा कर खात्याकडून त्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप येतो. पै न् पै कापायला यंत्रणा आहे, आणि बाई, पाच दिवस थांबलीस तर तुझा फायदा आहे, हे सांगायला कोणी नाही. मी जर्नलमध्ये, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन खात्यात निरोप लिहायची जागा असते तिथे, लिहिलं, तारीख बदलून द्या. उत्तर दोन ओळींचं आलं, बदलता येत नाही.

मी सांगलीतल्या एका एसटी कंडक्टरची मुलगी आहे. बाबांचा पगार झाला की आधी वाण्याची उधारी, मग दूधवाला, मग आईची भिशी. पगाराच्या तारखेवर घर कसं चालतं हे मी परकर-पोलक्यात असल्यापासून बघते आहे. मला हिशेब कळत नाही असं कोणी म्हणू नये. मला नियम सांगितला नव्हता.

आपली माणसंही सांगत नाहीत, याचा वेगळा राग आहे. व्हिसावर असणाऱ्यांना सहसा ही मदत मिळत नाही, पण कायमचा परवाना किंवा इथला पासपोर्ट असलेले कितीतरी मराठी लोक ती घेतात. गणपतीच्या आरतीला शेजारी उभे राहतात, घरांच्या किमती बोलतात, मुलांच्या परीक्षा बोलतात. याबद्दल मात्र अवाक्षर नाही. लाज वाटते. मला ज्या बाईनं नंतर कानाशी येऊन "माझंही असंच झालं होतं" म्हटलं, ती मे महिन्यात बोलली असती तर! म्हणून मी उघड लिहिते आहे. नोकरी जाणार असेल तर शेवटच्या पगाराची तारीख आधी बघा, साठलेल्या सुट्टीचे पैसे कधी येणार ते विचारा, सल्ला केंद्रात जा आणि मग अर्जाला हात घाला.

२०१३ मध्ये ही योजना आणली तेव्हा सांगितलं गेलं की सहा जुन्या मदती एकत्र करतो आणि महिन्याच्या पगारासारखे महिन्यातून एकदा पैसे देतो. पण पगार काय सगळ्यांचा कॅलेंडरच्या महिन्यानं होतो? माझ्या जुन्या ऑफिसातल्या पॅकिंगवाल्या बायकांना दर चार आठवड्यांनी मिळायचा. वर्षाला तेरा पगार. एका महिन्यात दोन पडले की त्या महिन्याची मदत कधी निम्मी, कधी शून्य. महिन्याच्या पगारवाल्यांचंही तेच होत होतं. सुट्टी आली की पगार दोन दिवस आधी, आणि एका असेसमेंट पिरियडमध्ये दोन पगार. चार आया कोर्टात गेल्या. अपील कोर्टानं जून २०२० मध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि नोव्हेंबरपासून महिन्याच्या पगारवाल्यांचा दुसरा पगार पुढच्या असेसमेंट पिरियडमध्ये ढकलायची सोय झाली. चार आठवडेवाल्या बायका तशाच राहिल्या.

आणि ती सोय मागावी लागली, बरं का! सप्टेंबरपासून मला अर्धवेळ काम आहे, महिना १,१५० पौंड, पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. २८ नोव्हेंबरला झाला. नाताळ म्हणून डिसेंबरचा १९ ला दिला. दोन्ही माझ्या २४ ते २३ च्या खिडकीत! मदत ११३६ ऐवजी ५०४ वर आली. पुढच्या पिरियडमध्ये पगार नाही म्हणून जास्त दिले असते, पण एका महिन्याची ४११ ची सवलत गेली ती गेलीच असती, म्हणजे २२६ पौंडांचं नुकसान. तीन वेळा जर्नलमध्ये लिहिलं. तिसऱ्या वेळी कोर्टाच्या निकालाचं साल आणि नियम बदलल्याचा महिना लिहिला, तेव्हा कुठे पगार पुढे सरकला. पहिल्या दोन मेसेजना उत्तर होतं, आकडे बरोबर आहेत.

आईनं पाठवलेलं नवीन कालनिर्णय भिंतीवर आहे. प्रत्येक पानावर मी २३ आणि २४ च्या मध्ये लाल पेनानं रेघ मारली आहे आणि पगाराच्या दिवसाला गोल केला आहे. डिसेंबरच्या पानावर मात्र गोल अजून केलेला नाही. नाताळाआधी पगार कधी देणार, हे मॅनेजरला आत्ताच, जानेवारीतच विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.